गाऱ्हाण्यातलं नाव

मालवण, १८ ऑगस्ट १९६३

चि. नर्मदा,

आशीर्वाद लिहावा की नाही यावरच पहिला कागद फुकट गेला. लिहिला आहे असं समज. लग्न होऊन तू नैरोबीला गेलीस त्यानंतर मला एक ओळ लिहिली नाहीस, आणि मीही थोडे दिवस वाट बघून नाद सोडला. आता लिहिते आहे ते बाबांसाठी. त्यांना स्वतःला लिहिता येत नाही, आणि दाजीवर सोपवलं तर आपला हा चुलतभाऊ तुला घाबरवून सोडील.

मे अखेरीस घरामागच्या परड्यात नारळांची पाडप चालू होती. बाबा नेहमीप्रमाणे माडाखाली उभे राहून वर चढलेल्या माणसाला अक्कल शिकवत होते. एक नारळ त्यांच्या डोक्याच्या डाव्या बाजूला लागला. बेळगावला नेऊन कवटी उघडली, साकळलेलं रक्त काढलं. जगले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचाही गेली, कारण बोलण्याचं ठाणं डाव्या बाजूलाच असतं. एवढं दाजीनं तुझ्या यजमानांना, गुरुदासरावांना, तारेनं आणि मग पत्रानं कळवलं होतंच. गुरुदासरावांचं उत्तर आलं. तुझं आलं नाही.

मी परवा पोचले. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणून एस.टी.नं, अंग खिळखिळं करून घेत. मुंबईच्या इस्पितळातून मोठी रजा घेतली आहे. हे माझंच काम आहे. विलायतेत मी शिकले तिथे लढाईत डोक्याला नि मणक्याला मार लागलेले शिपाई असत. एरवीचा डॉक्टर माणूस जगला की हात धुऊन निघतो. आमचं काम तिथून पुढे: जे शरीर उरलं आहे त्यात माणसाला राहायला शिकवायचं. सरकारनं त्याला पुनर्वसन असा शब्द काढला आहे. पोस्टमास्तरांनी मला विचारलं, "म्हणजे कोयनेच्या धरणाची माणसां हय येतली काय?"

बाबा खाटेवर पडून आहेत. मी आत गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे पाहिलं. माझ्याशी त्यांनी बोलणं टाकलं १९५२ साली. बाकीच्यांशी बोलणं या मे महिन्यात संपलं. त्यामुळे माझ्यापुरतं फारसं काही बदललेलं नाही. हे वाक्य खोडणार होते, पण राहू दे.

सुनीती

मालवण, १५ सप्टेंबर १९६३

चि. नर्मदा,

तुझं उत्तर येणार नाही असं धरूनच लिहिते, म्हणजे मन मोकळं राहतं.

बाबा आता बसतात. पडवीत मी दोन आडवे बांबू कमरेच्या उंचीवर बांधून घेतले आहेत, त्यांना धरून उभे राहतात. उजवा खांदा निखळू नये म्हणून काशीआतेच्या जुन्या लुगड्याची झोळी गळ्यात आहे. आते म्हणते, "शाळामास्तराचो भिकारी केलंस गो." पण झोळी रोज धुऊन घालते तीच.

हातपाय जमतील. तुला खरं सांगायचं ते वाचेचं. बाबांना सगळं समजतं. 'तांब्या कुठे आहे' म्हटलं की बरोबर तांब्याकडे बघतात. पण तोंडातून एकच निघतं, "तां." तांब्या असो, कंदील असो, आते असो, तां. पहिल्या आठवड्यात दाजी उशाशी बसून मोठ्यानं गळा काढायला लागला, तेव्हा बाबांनी त्याला एक शिवी दिली. ठणठणीत, अगदी नाक्यावरची. ज्या माणसानं जन्मात 'गाढवा'च्या पुढे मजल मारली नाही, त्याच्या तोंडून. आतेनं कान झाकले. मला बरं वाटलं, कारण शिवी येते म्हणजे सगळं गेलेलं नाही.

मग मी सतराचा पाढा सुरू केला. "सतरा एके सतरा" म्हटलं आणि थांबले. बाबा पुढे निघाले, ते थेट सतरा दाहे सत्तरासे करूनच थांबले. आतेला वाटलं, आले ताळ्यावर. मी विचारलं, "बाबा, घरात माणसं किती?" तर, "तां."

हे असंच असतं. पावसात शेतं भरून गेली तरी रोजच्या वहिवाटीची पाणंद दिसते. एकदाच कुणी आडवं चालत गेलं असेल तर ते कुठून गेलं कळत नाही. बाबांच्या डोक्यात पाणंदी तेवढ्या उरल्या आहेत. वर्षानुवर्षं जे त्याच क्रमानं म्हटलं, ते येतं. ठरवून एक नवा शब्द काढायचा तर वाट नाही.

मी रोज त्यांच्यासमोर बसून वस्तू दाखवते. शेवटी माझ्या छातीवर हात ठेवून विचारते, "मी कोण?" उपचाराचा भाग म्हणून विचारते, असं मी आतेला सांगते. तुला खोटं का सांगू? मला त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचं आहे. एवढंच हवं आहे. अकरा वर्षांत त्यांनी ते उच्चारलेलं नाही, दाजीशी बोलतानासुद्धा 'ती मुंबयवाली' म्हणत. आता ते म्हणाले नाहीत तर पुन्हा कधी म्हणतील असं मला डॉक्टर म्हणून वाटत नाही. पहिल्या वर्षात जे परत येतं ते येतं.

तुझं स्थळ मुळात माझं होतं हे आपण दोघींनी कधी बोलून काढलं नाही. रवळनाथाला कौल लावला तेव्हा बाबांनी स्वतः प्रश्न घातला होता: "ह्या घरातला चेडू त्या घरात दिला तर सुख लागात काय?" देवाच्या उजव्या अंगाची पाकळी पडली. होकार. मी विलायतेची शिष्यवृत्ती घेऊन बसले होते, मी नाही म्हटलं. गावाचं गाऱ्हाणं ज्यानं देवासमोर घालायचं, त्याच्याच घरात कौल मोडायची वेळ आली. पण प्रश्नात कुणाचं नाव नव्हतं. त्यांनी तुला पुढे केलं. तू मॅट्रिकच्या वर्गात होतीस. देवाचा शब्द राहिला, बाबांचा मान राहिला, आणि महिन्याभरात तू बोटीवर होतीस. माफी मागायला हे लिहीत नाही. ती वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. पण तुला कुणी विचारलं नाही हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असलेलं कुणीतरी आहे हे तुला कळावं.

सुनीती

मालवण, २७ ऑक्टोबर १९६३

चि. नर्मदा,

गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली आणि सगळा गाव वेडा झाला आहे.

दिवाळी झाल्यावर देवळात ढोल वाजायला लागले. बाबा पडवीत बांबूंच्या मध्ये उभे होते, मी पाठीशी. ढोल थांबला. बाबांनी डावा हात कपाळाशी नेला आणि मोठ्यानं म्हणाले, "बा रवळनाथा, म्हाराजा! तुझ्या पायाशी सगळी लेकरां एकवट झाली आसत, म्हाराजा!"

वाटेनं चाललेली माणसं जागच्या जागी थांबून म्हणाली, "व्हय म्हाराजा!" ही सवयच ना आपल्याकडची. गाऱ्हाणं कानावर पडलं की 'व्हय' बाहेर पडतंच.

"न्हानथोर, शाणी-खुळी, सगळ्यांची सेवा पायाकडे घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इतकंच झालं. आते हुंदके द्यायला लागली, माणसं कुंपण ओलांडून आत आली, कुणी बाबांच्या पायावर डोकं ठेवलं, आणि पाणंद तिथेच तुटली. दाजी धावत आला. "देवान वाचा दिल्यान! आता ह्ये बांबू कित्याक होये?" आणि संध्याकाळपर्यंत बांबू सोडवून जत्रेच्या मांडवाला घेऊन गेलासुद्धा. माझं कोण ऐकतंय? मी सतराच्या पाढ्याचं समजावलं. दाजी म्हणाला, "पाढो मास्तरान शिकवलेलो. गाऱ्हाणा देवाचा. तुमच्या इंग्रजांक काय कळता?"

आता ठरलं आहे की मार्गशीर्षातल्या जत्रेला गाऱ्हाणं बाबाच घालणार. गेल्या पावसात देवबागच्या तोंडाशी गावची होडी फुटली, त्या तांडेलांच्या घरांसाठी यंदा मागणं घालायचं आहे. मी दाजीला सांगितलं, नवं नाव त्यांच्या तोंडून येणार नाही. तिथे अडकतील. सगळ्या गावादेखत अडकतील. दाजी म्हणतो, "नावां मी कानात सांगतलंय. तू गो कित्याक काळजी करतंस?"

मला काळजी आहे ती वेगळी. असे अडकलेले लोक मी पाहिले आहेत. एकदा चारचौघांत फजिती झाली की माणूस खाटेवर पडतो तो पुन्हा उठत नाही. मग कुठली वाचा आणि कुठलं नाव?

मी जायचं नाही असं सांगितलं. बाबांनी डाव्या हातानं खुंटीवरच्या, जत्रेला घालायच्या काळ्या कोटाकडे बोट केलं. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा बोट केलं. रुग्णाला त्याच्या मूळच्या कामावर परत न्यायचं, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देते. कोट काढून दिला. झटकला तेव्हा त्यातून डांबराच्या गोळ्या पडल्या.

सुनीती

मालवण, २४ नोव्हेंबर १९६३

नर्मदा,

हे पत्र नीट बसून वाच. गुरुदासरावांना आधी फोडू देऊ नकोस.

जत्रा झाली. देवळाच्या पायरीपर्यंत खुर्चीतून नेलं, तिथून बाबा चालत गेले. उजव्या बाजूनं मी धरलं होतं. त्या बाजूला त्यांना स्पर्श कळत नाही, त्यामुळे कुणी धरलं आहे ते त्यांना माहीत नसावं. मला ते सोयीचंच होतं.

सभामंडप भरलेला. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, आणि मी नियम मोडून मधे, कारण मी सोडलं असतं तर ते पडले असते. ढोल थांबला. बाबांनी हात कपाळाशी नेला आणि सुरू केलं. नर्मदा, एक अक्षर चुकलं नाही. आवाज तोच, शाळेच्या मैदानावरचा. गावाच्या सीमा झाल्या, बारा वाड्या झाल्या, दर्या झाला. मी डॉक्टर आहे, मला आतून सगळं माहीत आहे, तरी गावाबरोबर माझ्याही तोंडून 'व्हय म्हाराजा' निघून गेलं.

मग मागण्याची जागा आली. दाजी वाकून कानात म्हणाला, "देवबागची होडी. तांडेलांची घरां." बाबा थांबले. ओठ हलले. काही नाही. दाजीनं पुन्हा सांगितलं. काही नाही. आणि गाव, बाबांनी श्वास घेतलाय असं समजून, त्या रिकाम्या जागेलाच म्हणाला, "व्हय म्हाराजा!"

त्या आवाजासरशी बाबा पुढे सरकले. होडीच्या वाटेनं नव्हे, आपल्या वाटेनं. शब्द जसेच्या तसे लिहिते:

"धाकट्या चेडवाक, नर्मदेक, दर्यापार धाडलंय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तुझो शब्द राखूक धाडलंय. तेका इचारूक नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"तेचा काय चुकला नाय. काय कोप करूचो आसात तो माझ्या टकलेर कर. तेच्या वाटेक जाव नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

कुणी चमकलं नाही. कुणी शेजारच्याकडे बघितलं नाही. त्यावरून मला कळायला हवं होतं. मी पुढच्या ओळीची वाट बघत होते. धाकटीनंतर थोरली येईल, निदान थोरलीचा राग तरी येईल. बाबा पिकापाण्यावर गेले, मग गुराढोरांवर, मग सगळ्यांना सुखी ठेव म्हणून संपवलं. नारळ फुटला. लोक पायाशी आले. बाबांचा चेहरा घामानं थबथबलेला आणि समाधानी. फजिती झाली नाही. होडीचं मागणं दाजीनं नंतर आपलं आपण घातलं.

घरी आल्यावर आतेला विचारलं. ती तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"दर वर्साक म्हणतत ता. नर्मदेची बोट सुटली, तेच्या फुडल्या जत्रेपासून."

"आणि मला कुणी सांगितलं नाही? नर्मदेला कुणी कळवलं नाही?"

"देवाच्या दारातली गजाल घराक आणतत काय कोण? आणि तू खंय होतंस हय?"

'कोप माझ्या टकलेर कर' यावर आते म्हणते, देवानं ऐकलं, डोक्यावरच घातलं. मी म्हणते, नारळ पिकला होता.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, माझ्यापुरतं काही बदललेलं नाही, वगैरे. ते खरं नव्हतं. मंडपात माझं नाव आलं नाही तेव्हा मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं आहे. आणि तरी हे तुला कळवल्याशिवाय मला जेवण जाईना, म्हणून आधी हे लिहायला बसले.

सुनीती

मालवण, ९ जानेवारी १९६४

नर्मदा,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावर नवा शिक्का बघून कळलं की तिकडे राज्य बदललं. आत एकच ओळ: 'बाबा खरंच असं म्हणाले, की मला बरं वाटावं म्हणून तू लिहिलंस?'

अक्षर बदललं नाही तुझं. 'र' अजून तसाच, पाय मोडलेला.

मी कुणाला बरं वाटावं म्हणून काही करणारी बाई नाही, हे या घरात तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? पण तुला पुरावा हवा असेल तर तो देते, कारण ते माझं काम आहे. या मार लागलेल्या डोक्यातून एकदा म्हटलेलं परत येत नाही. दोनदा म्हटलेलंही येत नाही. होडी फुटल्याचं त्यांना पक्कं माहीत होतं, दाजीनं कानात दोनदा सांगितलं, तरी आलं नाही. तुझं आलं, तेही कुणी न सांगता, पाढ्यासारखं सरळ. ते फक्त जत्रेत म्हणून इतकं मुरत नाही. हे मी आतेला विचारलं. ती म्हणाली, सकाळी तुळशीला पाणी घालताना ते तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत, तिला वाटे स्तोत्र आहे. ते स्तोत्र नव्हतं. तुला न विचारता पाठवलं हे ते रोज कबूल करत होते, फक्त जिच्याकडे करायला हवं होतं तिच्याकडे नाही. तुला लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी त्यांना विचारू शकत नाही. विचारलं तर 'तां' म्हणतील.

आता पुढचं. जत्रेच्या दुसऱ्या दिवसापासून मी गाऱ्हाण्याचीच वाट धरली. मी म्हणायचं, "धाकट्या चेडवाक," आणि थांबायचं. ते म्हणायचे, "नर्मदेक." मग मी आधीचे शब्द कमी कमी करत नेले. शेवटी नुसतं त्यांच्याकडे बघायचं, आणि ते म्हणायचे, "नर्मदा." पाणंदीतून एक दगड उचलून हातात आला म्हण. मे महिन्यानंतर त्यांनी ठरवून उच्चारलेला हा पहिला शब्द. विलायतेत असते तर यावर मी निबंध वाचला असता.

दाजीनं विचारलं, तुझं नाव का नाही शिकवलं? माझं नाव त्यांच्या कुठल्याच वाटेवर नाही. ते नव्यानं शिकवावं लागेल, आणि नवं त्यांच्या डोक्यात ठरत नाही. तरीही महिनाभर शिकवून बघितलं. ठरलं नाही. मी ते सोडलं आहे. डॉक्टर म्हणून मी बरोबर आहे, आणि त्याचा मला काही उपयोग नाही.

मुंबईला कळवलं आहे की उन्हाळा संपेपर्यंत येत नाही. बांबू दाजीनं परत आणून बांधले, जत्रेच्या पताका अजून लटकताहेत त्यांना. बाबा दारापर्यंत जातात.

तू ये म्हणून लिहीत नाही. यायचं की नाही हे यावेळी तुलाच विचारलं जावं, म्हणून विचारते: येतेस का? नाही म्हटलंस तरी मी इथे कुणाला सांगणार नाही.

एक शेवटचं, तुझ्या हक्काचं आहे म्हणून. तो शब्द मिळाल्यापासून बाबा सगळ्यासाठी तोच वापरतात. पाणी हवं असलं तरी नर्मदा, ऊन लागलं तरी नर्मदा. आणि मी दिसले नाही, तर मला हाक मारतात, "नर्मदा!" चुकीचा शब्द चालवून घ्यायचा नाही, लगेच दुरुस्त करायचा, असं मी रुग्णांच्या नातेवाइकांना दरडावून सांगते. आता लिहिताना पडवीतून हाक आली. मी ओ दिली.

सुनीती